हात धुतले, कंगवा राहिला

मित्रांनो, शिंगाचा एक जुना कंगवा तुमच्याशी बोलतो आहे. माझे काही दात पडले आहेत, अंग मधोमध वाकले आहे, आणि आता माझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. म्हातारपण कुणाला चुकले आहे? मला वाईट वाटते ते दुसऱ्याच एका गोष्टीचे, आणि ती सांगितल्याशिवाय माझा जीव हलका व्हायचा नाही.

एका कारागिराने मला घडवले. त्याने शिंग विस्तवावर धरून मऊ केले, दाबून सपाट केले आणि बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. अर्धे दात रुंद, अर्धे बारीक. मग कापडाने घासघासून मला इतके गुळगुळीत केले की केसांतून फिरताना माझा आवाजही होत नसे. "जपून वापरलात तर नातवंडांनाही पुरेल हा," असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ते गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण फोटोवाले. त्यांनी नुकताच स्वतःचा स्टुडिओ थाटला होता.

त्या स्टुडिओत आरशाशेजारच्या खिळ्यावर मी कितीतरी वर्षे काढली. ओळखपत्राचा फोटो काढायला आलेला माणूस आधी माझ्याकडे हात करी. नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुले भांग तीन-तीनदा मोडून पुन्हा पाडत. एक आजोबा कानावरच्या चार केसांवरून मला फिरवत म्हणाले होते, "उरलेत तेवढे तरी फोटोत येऊ देत." सगळे हसले होते. "कंगवा झकास आहे हो तुमचा," असे कुणी म्हटले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे दुकानात रंगीत प्लास्टिकचे कंगवे आले आणि मी खिळ्यावरून उतरलो. पण फोटोवाल्यांनी मला टाकले नाही. आपल्या शर्टाच्या खिशात ठेवले, आणि तेव्हापासून मी त्यांच्याबरोबरच घरी-दारी फिरू लागलो.

घर लहान होते. बायको कापडाच्या दुकानात कामाला, लेक चौथीत, आणि चौथी ढमी. ढमी ही मांजर. लेकीने तिला शाळेच्या कुंपणापाशी भिजलेली पाहिली आणि दप्तरात घालून आणली. तेव्हा ती पेल्यात मावेल एवढी होती. नंतर अंगाने अशी सुटली की दुसरे नाव शोभलेच नसते. लेकीचा तिच्यावर जीव की प्राण. रात्री ढमी तिच्या पायांशीच झोपे, दुसरीकडे कुठे तिला झोप येत नसे.

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक खेळ चाले. लेक चटई अंथरे, फोटोवाले मांडी घालून बसत, आणि ती माझ्या रुंद दातांनी त्यांचे केस विंचरे. विंचरून झाले की ओरडे, "पुढचं गिऱ्हाईक." ढमी डुलत डुलत येऊन आडवी होई. मग मी तिच्या पाठीवरून फिरे, आणि ती घुर्र घुर्र करी. आधी बाबा, मग ढमी, असा नियमच होता. बायको स्वयंपाकघरातून म्हणे, की या घरात बिनपैशाचे काम करणारी एकच बाई आहे असे आजवर वाटायचे, आता दुसरीही झाली.

मित्रांनो, मी केसांच्या मुळाशी फिरणारा. फोटोवाल्यांचे केस विरळ होत आहेत हे मला त्यांच्या आधी कळले होते. त्यांना ते कळले एका फोटोमुळे. नवा दिवा बसवला होता, तो तपासायला त्यांनी स्वतःच स्टुलावर बसून स्वतःचा फोटो काढला. दिवा मागून होता. फोटोत टाळू चकाकत होती. दिवसभर लोकांच्या फोटोंतले डाग पुसून देणारा हा माणूस बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांनी ती मनाला लावून घेतली. त्यांचे वडील तरुणपणीच टकले झाले होते आणि सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारी. ती हाक ऐकून लहानपणी यांना मेल्याहून मेल्यासारखे होत असे. आपल्या लेकीला कुणी टकल्याची पोरगी म्हणू नये, एवढेच त्यांच्या मनात होते.

ते त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काही लपवले नाही. टाळूवर लावायचे पातळ औषध देतो, म्हणाले, पण नीट विचार करा. सुरुवातीला केस आणखी गळतील. खाज येईल, कोंडा होईल. नको तिथे लव उगवेल. छातीत धडधडले तर लगेच यायचे. आणि एकदा धरले की ते जन्माचे धरले. सोडलेत तर आलेले केस काही महिन्यांत निघून जातील. घरात लहान मूल आहे ना, मग लावून झाल्यावर हात धुवायचे, मुलाला हात लावू द्यायचा नाही.

फोटोवाल्यांनी चार दिवस विचार केला. बायकोशी बोलले. ती म्हणाली, "म्हणजे म्हातारपणी दात नसतील, पण बाटली असेल." ते हसले आणि बाटली आणली. त्यांनी सगळे तराजूत घातले होते, खाज, कोंडा, जन्माचे बंधन, लेकीची काळजी. फक्त ढमीला घालायचे राहिले. डॉक्टरांनी मुलाचे विचारले, मांजराचे विचारले नाही. यांनीही सांगितले नाही. डोक्याच्या औषधाचा आणि मांजराचा काय संबंध, असेच कुणालाही वाटेल.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. माझ्या दातांत केसांचे पुंजके अडकत आणि फोटोवाले ते काढून पुन्हा पुन्हा बघत. मग खाज सुरू झाली. ग्राहकासमोर डोके खाजवता येत नाही म्हणून ते कॅमेऱ्यामागे जाऊन खाजवत. गालांच्या हाडांवर बारीक लव आली. "डोक्यावर पेरलं आणि गालावर उगवलं," असे बायको म्हणाली, तेव्हा लेक पोट धरून हसली. पण हळूहळू टाळू झाकत आली. वर्ष उलटले तेव्हा त्यांनी पुन्हा त्याच दिव्यापुढे फोटो काढला आणि तो बायकोला दाखवला. मलाही आनंद झाला. खोटे कशाला बोलू?

त्या आनंदाला दोरी मात्र बांधलेली होती. गावाला जायचे तर आधी बाटली. एक वेळ चुकली तर दिवसभर जीव टांगणीला. पण ते नेमाने सांभाळत. औषध लावायचे ते सकाळी लेक शाळेत गेल्यावर आणि रात्री ती झोपल्यावर. हात साबणाने धुवायचे. संध्याकाळच्या खेळापर्यंत डोके कोरडे ठणठणीत. म्हणून इतके दिवस काही झाले नाही.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांना एका समारंभाचे फोटो काढायचे काम होते. परतायला उशीर होणार म्हणून रात्रीचे औषध त्यांनी संध्याकाळीच लावायला घेतले. लेकीने चटई अंथरून ठेवली होती. "आज मी लावते ना, बाबा," असे म्हणत ती मागे लागली. ते नाहीच म्हणत होते. पण तिचे तोंड एवढेसे झाले. मग त्यांना एक युक्ती सुचली. औषधाचे थेंब त्यांनी स्वतः टाळूवर टाकले आणि मला तिच्या हातात दिले.

"हात अजिबात लावायचा नाही. कंगव्याने पसरव," ते म्हणाले.

तिने अगदी मन लावून पसरवले. माझे सगळे दात ओले झाले. मग फोटोवाल्यांनी तिला मोरीवर नेऊन साबणाने दोनदा हात धुवायला लावले, स्वतःचेही धुतले. मित्रांनो, दोघांनी हात धुतले. मला कुणी धुतले नाही.

ते दारात बूट घालत होते तेव्हा मागून आवाज आला, "पुढचं गिऱ्हाईक." ढमी आली, आडवी झाली. मी तिच्या पाठीवरून, मानेवरून, पोटावरून फिरलो. फोटोवाल्यांनी वळून पाहिले आणि कौतुकाने हसले. विंचरून झाल्यावर ढमी नेहमीसारखी अंग चाटत बसली. लेकीने मला बाबांच्या खिशात ठेवले आणि ते कामाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशीही सुट्टी होती, सगळे घरीच होते. ढमीने दुधाला तोंड लावले नाही. दुपारी ती कपाटाखाली सापडली, तोंड उघडे ठेवून धापा टाकत. लेकीने तिला टॉवेलात गुंडाळले. तिघेही तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. मी खिशात होतो. फोटोवाल्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते.

डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना बाहेर बाकावर बसवले आणि ढमीला आत घेतले. फुप्फुसांत पाणी झाले आहे, म्हणाल्या. प्राणवायूची नळी लावली, इंजेक्शन दिले. घरात उंदराचे औषध आहे का, कुंडीत कुठली झाडे आहेत, असे एकेक विचारत त्या थांबल्या आणि फोटोवाल्यांच्या डोक्याकडे पाहू लागल्या.

"डोक्याला काही लावता का?"

त्यांनी औषधाचे नाव सांगितले. बाईंनी दार लोटून घेतले. मग हळू आवाजात म्हणाल्या, की हे औषध मांजरांना विष आहे, अंगाला लागून चाटण्यात आले तरी पुरते. तिच्यापर्यंत गेले कसे, असे त्यांनी विचारले. फोटोवाल्यांनी खिशातून मला काढले आणि टेबलावर ठेवले. त्यांनी सगळे सांगितले. शेवटी एवढेच म्हणाले, "बाई, बाहेर माझी मुलगी आहे. तिला हे कळता कामा नये."

ढमी संध्याकाळी गेली. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले नव्हते, पण उशीर झाला होता.

फोटोवाले बाहेर आले. लेकीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि तिला कळले. ती रडली नाही. आधी विचारले, "कशामुळे?"

"माझ्या डोक्याच्या औषधामुळे. माझ्या उशीला ते लागलेलं असतं ना. ती माझ्या उशीवर झोपायची."

"ती माझ्याजवळ झोपायची."

"दुपारी. तू शाळेत असताना."

"म्हणजे तुझ्यामुळे."

"हो. माझ्यामुळे," ते म्हणाले.

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिले. दुपारी ते दोघेही कामावर असत आणि बेडरूमला कडी असे. तिला काय उमगले कोण जाणे. तिने फक्त लेकीला पोटाशी धरले.

त्या दिवसापासून लेकीने बापाशी अबोला धरला. काही हवे असेल तर आईला म्हणे, "त्यांना सांग." कालपर्यंत गळ्यात पडणारी पोर त्यांना 'त्यांना' म्हणू लागली. तो शब्द त्यांच्या काळजात रुते, पण त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. खरे एका वाक्यात सांगता आले असते. कंगवा तुझ्या हातात होता, एवढेच म्हटले असते तर तिचा राग त्याच क्षणी पळाला असता. आणि त्याच्या जागी जे येऊन बसले असते, ते जन्मभर उठले नसते. म्हणून त्यांनी तिचा राग पदरात घेतला.

औषध त्यांनी त्याच दिवशी बंद केले. बायको म्हणाली, आता कशाला सोडता, आता तर घरात मांजर नाही. ते म्हणाले, मला बाटलीकडे बघवत नाही. मला मात्र ते रोज उकळत्या पाण्यात बुडवून घासत. शिंगाला असे पाणी सोसत नाही. मी वाकलो, चिरा गेल्या, एकेक दात पडला. तरी ते घासतच राहत, आणि घासताना त्यांचे डोळे भरून येत. मी त्यांना कसा सांगणार, की पुरे झाले आता?

डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. काही महिन्यांत आलेले सगळे केस गेले, आणि टाळू साफ उघडी पडली. गल्लीत हाक सुरू झाली, तीच, वडिलांची. त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही. ज्या गोष्टीला ते आयुष्यभर भ्याले, तिचे त्यांना आता काहीच वाटत नव्हते.

मग एक दिवस शेजारीण मांजरीचे पिल्लू घेऊन दारात आली. हवे का, विचारू लागली. लेक किती वेळ त्या पिल्लाकडे बघत राहिली. मग आत आली. फोटोवाले खुर्चीत बसून कॅमेऱ्याची काच पुसत होते. ती त्यांच्यामागे उभी राहिली आणि तिने आपला तळहात त्यांच्या उघड्या डोक्यावर ठेवला. तळहात नाकाशी नेऊन हुंगला. पुन्हा ठेवला.

"आता काही नाहीये डोक्यावर," ती म्हणाली. "आता पिल्लू आणलं तर चालेल. बाबा, मी तुला माफ केलं."

"बरं," ते म्हणाले, आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागले. तिला वाटले, माफी मिळाली म्हणून बाबा रडतो आहे. ती त्यांची पाठ थोपटू लागली.

मित्रांनो, टाळूवर लावायचे औषध फक्त टाळूवर राहत नाही. ते हातावर येते, उशीवर येते, माझ्यासारख्या मुक्यावर येते. तुमच्या घरी कुणी असे काही लावत असेल तर घरात कोण कोण राहते ते डॉक्टरांना सांगायला लावा, आणि सांगताना चार पायांच्यांना विसरू नका. औषध लागलेली प्रत्येक वस्तू धुवा. एवढे माझ्यासाठी करा.

आणि आणखी एक. ती मुलगी आता मोठी झाली आहे. ती तुम्हाला कुठे भेटली आणि ढमीची गोष्ट निघाली, तर ती म्हणेल, ती माझ्या बाबांच्या उशीवर झोपायची. तुम्ही हो म्हणा.