ताणलेला दोर

“त्याला म्हणावं, नवी चेन घाल आणि गप बस,” ल्युबिसाव बायकोला म्हणाला.

‘तो’ म्हणजे धाकटा भाऊ वितोमिर. आपल्या गॅरेजात, हातभर अंतरावर, इंजिनात वाकून उभा होता. वडील गेल्यापासून भावाभावांमधलं टपाल स्तानियाच पोचवत होती. वडिलांची ही गाडी थोरल्याने घेतली. धाकटा मेकॅनिक, त्याला गाड्यांचा काय तोटा, हा निवाडा वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातच राकियाच्या पेल्यांबरोबर उरकला होता.

“वहिनी, साहेबांना सांगा, टायमिंग चेन धावत्या गाडीत तुटलीय. पिस्टननं व्हॉल्व्ह ठोकून वाकवले असणार. न तपासता चेन घालणं म्हणजे मढ्याला नवे बूट. खडखड कधीपासून होती?”

“ईस्टरपासून. हे रेडिओ मोठा करायचे.”

“तुला विचारलं कुणी?” ल्युबिसाव म्हणाला.

दोन्ही व्हॉल्व्ह मिटायलाच हवेत अशा बेतानं वितोमिरने पहिला सिलिंडर लावला आणि प्लगच्या भोकातून हवा सोडली.

“वहिनी, सायलेन्सरशी हात धरा. व्हॉल्व्ह धड असले तर काही लागणार नाही.”

“वारं येतंय की. चांगलं भसाभसा.”

दुसऱ्यालाही आलं. तिसऱ्यालाही वारं लागलं, तसं स्तानियाने नवऱ्याकडे बघितलं.

“त्यांना म्हणावं, स्वतः हात धरून बघा,” वितोमिर म्हणाला. थोरल्याने एकदा वाकून बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

ल्युबिसाव वाकला नाही. “याला ही गाडी मेलेलीच हवी होती. पुलापलीकडे देसिमिरच्या गॅरेजात नेऊ. तो खरं सांगेल.”

देसिमिर खरं सांगायचा, पण गिऱ्हाइकाला रुचेल तेवढंच.

गाडी ज्याने ओढून आणली होती त्याच ट्रॅक्टरला पुन्हा दोर बांधला. ल्युबिसाव वर चढला आणि मग सगळे थांबले. येताना गाडीचं स्टिअरिंग शेजाऱ्याने धरलं होतं. तमाशा होणार हे ओळखून तो केव्हाच घरी सटकला होता. स्तानियाला गाडी येत नव्हती.

“याला विचार...” ल्युबिसावने सुरुवात केली.

स्तानियाने विचारलं नाही.

वितोमिरने हात पुसले आणि गाडीत बसला. सीट थोरल्याच्या पोटाच्या मापाने मागे गेली होती. त्याने ती पुढे ओढली. वडिलांच्या जुन्या खाचेत ती खट्कन बसली.

चौकातल्या खानावळीबाहेरच्या लोकांनी पेले खाली ठेवून बघितलं: वितोमिर मेकॅनिक, दोराला बांधून, देसिमिरच्या दारी.

पुढे पुलाचा उतार होता. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा. मागच्याने दोर ढिला सोडला की हिसका पुढच्याला बसतो, हे वडिलांनी दोघांनाही शिकवलं होतं. वितोमिर दोन्ही पायांनी ब्रेक रेटत राहिला. पूल संपेपर्यंत दोर ताठ होता. ल्युबिसावने मागे वळून पाहिलं नाही.