घरातला हार्लन

माझा नवरा माणसांचे स्वभाव मोजायचा. इलिनॉयमधल्या आमच्या गावच्या विद्यापीठात तो मानसशास्त्र शिकवायचा. स्वभाव म्हणजे उंचीसारखी गोष्ट, माणूस चर्चमध्ये गेला म्हणून काही चार इंच वाढत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत. लग्नाआधी मलाही ते फार आवडलं होतं.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात त्याने एक नवी चाचणी बसवली. बोलका, हट्टी, भित्रा, दिलखुलास, नेटका अशी विशेषणं एका कागदावर छापलेली. ज्याचा स्वभाव मोजायचा त्याच्या ओळखीच्या चौघांनी प्रत्येक विशेषणाला एकपासून सातपर्यंत गुण द्यायचे. चौघांचे गुण जुळले की चाचणी पक्की. आधी स्वतःवरच करून बघू म्हणून हार्लनने कागद वाटले. एक त्याच्या आईला, एक विभागातल्या लिंडक्विस्टना, एक डेल हफमनला आणि एक मला. डेल हा गावातला प्लंबर, दर गुरुवारी हार्लन त्याच्यासोबत बोलिंग खेळायला जायचा.

"खरं लिही, आयडा," तो म्हणाला. "नवरा म्हणून सवलत नको."

मी खरं लिहिलं.

रविवारी मी जेवणासाठी खिम्याचा मीटलोफ कापत असताना त्याने चारही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले.

"तू हे थट्टेत भरलंस का?"

"नाही. का?"

"बोलका या शब्दाला तू एक दिलायस. एक! डेलने सात दिलेत, लिंडक्विस्टने पाच."

"आणि आईंनी?"

"सहा. ती म्हणते, लहानपणी मला गप्प करायला तोंडात ब्रेड कोंबावा लागायचा."

"मग आता कोण कोंबतं?"

तो हसला नाही. घरी तो हसतच नसे. दारात टोपी काढून ठेवली की तोंडात मिठाची गुळणी धरायचा, ती सकाळी बाहेर पडेपर्यंत.

"भरताना तू चिडलेली असशील," तो म्हणाला. "चिडणं ही तात्पुरती अवस्था असते. तिची स्वभावाशी गल्लत करायची नसते."

"तेव्हा चिडले नव्हते. आत्ता चिडलेय. आणि लग्न झाल्यापासून जे रोज चालतं, त्याला अवस्था म्हणायचं की स्वभाव?"

त्याने पेन्सिल काढली. "चौघांची सरासरी पावणेपाच येते. तोच खरा मी."

"असेल. पण त्या पावणेपाचाबरोबर संसार कोण करतंय? माझ्या वाट्याला एकच आलाय."

त्याने माझा कागद उचलून वेगळा ठेवला. एकाचेच गुण बाकीच्यांशी जुळत नसतील, तर दोष गुण देणाऱ्याचा धरतात, असं त्याने मला समजावलं. अगदी शांतपणे, वर्गातल्या ढ मुलीला समजावावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या ताटात वाढलं आणि माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले.

त्या गुरुवारी मी बोलिंग ॲलीत गेले. निमित्त काही शोधलं नाही. बायकोला नवरा बघायचाय, एवढंच.

आत गोळे घरंगळत जाऊन पिनांवर आदळत होते. त्या गडगडाटातूनही एक मोठं, मोकळं हसू ऐकू आलं. ते कुणाचं आहे हे मला पटकन कळलंच नाही. पाहते तर हार्लन. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हात हवेत. विद्यापीठाच्या डीनचा कुत्रा भर सभेत डीनच्याच खुर्चीत कसा चढून बसला, याची तो नक्कल करत होता. डीनसारखा खाकरत होता, कुत्र्यासारखी मान वाकडी करत होता. डेलची हसून मुरकुंडी वळली होती. मलाही हसू फुटलं.

तेवढ्यात डेलने मला पाहिलं. "अरे मास्तर, वहिनी आल्या!"

हार्लन वळला. हात खाली आले, बाह्यासुद्धा खाली आल्या.

"घरी काही झालं का?"

"काही नाही. गोष्ट पुरी कर ना."

"संपली."

"संपली कुठे?" डेल ओरडला. "कुत्रा अजून खुर्चीतच बसलाय की!"

पण हार्लनने गोळा उचलला होता. पुढचा सगळा खेळ तो मुकाट्याने खेळला, आणि हरलाही. डेल माझ्याकडे झुकून म्हणाला, "वहिनी, तुमची मजा आहे बुवा. घरबसल्या हसायला मिळतं." मी दात दाखवले. दुसरं काय करणार?

परतताना रेल्वेचं फाटक लागलं. कोळशाची मालगाडी संपता संपेना.

"पाहिलंस ना?" तो म्हणाला. "मी बोलका आहे."

"पाहिलं. मला बघून तोंडाला कुलूप घातलंस, तेही पाहिलं."

"तिथली परिस्थिती बदलली."

"परिस्थिती म्हणजे मी, हार्लन."

तो समोरचे डबे बघत राहिला. मग म्हणाला, "असं का होतं, मला माहीत नाही. मी ठरवून करत नाही."

हे खरं होतं. त्याच्या आवाजावरून कळलं, आणि त्यामुळे तर मला अधिकच हताश वाटलं. ठरवून केलं असतं तर भांडता आलं असतं.

"ती कुत्र्याची गोष्ट मला सांग," मी म्हणाले.

त्याने सांगितली. डीनचा कुत्रा खुर्चीवर चढला. सभासद उभे राहिले. मग कुत्रा उतरला.

"मग?"

"मग काही नाही. डेलला आवडली होती."

मी हसायचा खरंच प्रयत्न केला. त्याने तो प्रयत्न पाहिला. फाटक उघडलं तरी त्याने गाडी लगेच सुरू केली नाही. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

वसंतात चाचणी छापायला गेली. सूचनांच्या पानाचा मजकूर हार्लनने मलाच टाइप करायला दिला. त्यात एक नवं कलम होतं. गुण देण्यासाठी शक्यतो पती वा पत्नीची निवड करू नये, त्यांचं मत निःपक्षपाती नसतं.

मी ते दोनदा वाचलं. मग टाइप करायला घेतलं. कळा इतक्या जोरात आपटल्या की कागदाला भोकं पडली.

"हळू, आयडा," आतल्या खोलीतून आवाज आला. "मशीन मोडेल."

"मोडू दे."

तो दारात येऊन उभा राहिला. त्याला काही बोलायचं असावं, ओठ हललेही. मी हात थांबवून वाट पाहिली.

"जेवायला काय आहे?" त्याने विचारलं.

"कालचंच," मी म्हणाले, आणि कागद बदलून ते कलम पहिल्यापासून टाइप करायला घेतलं.