एकाच फुलाच्या दोघी

स्वाती माझी होस्टेलची रूममेट. देवानं तिला उंची दिली, रंग दिला, ब्रह्मपुरीत मामाचं घर दिलं, आणि मला दिली स्वाती. वर्गातला सुनिल मला आवडायचा. नोट्स मागायचा माझ्याकडे, बघायचा तिच्याकडे, आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

२००७ साली त्यानंच सायबर कॅफेत आम्हा दोघींची ऑर्कुटवर खाती उघडून दिली. पोरींनी नाव-फोटो टाकायचा नाही, हा होस्टेलचा दंडक. म्हणून दोघींनी नावाच्या जागी ठिपके दिले आणि फोटोच्या जागी पळसाचं फूल लावलं. कॅफेच्या कॉम्प्युटरवर फूल एकच होतं.

ऑर्कुटवर एक सोय होती. आवडत्या माणसाचं नाव गुपचूप टाकून ठेवायचं. त्याला कळत नाही. त्यानंही तुमचं टाकलं असेल, तरच दोघांना निरोप जातो. एकतर्फी असलं तर झाकली मूठ. तरी महिनाभर मला धीर झाला नाही.

एका रविवारी आपला अर्धा तास संपवून स्वाती भजी घ्यायला बाहेर गेली. माझं खातं उघडून देऊनच ती उठायची. समोर फूल आणि ठिपके पाहून मी सुनिलचं नाव टाकलं.

लगेच निरोप आला, जुळलं म्हणून. मनात म्हटलं, घे स्वाती, एकदा तरी मी जिंकले. मग खालची जन्मतारीख दिसली. तिची होती. त्या दिवशी ती खातं बदलायला विसरली होती.

मी नाव काढून टाकलं, पण निरोप सुनिलपर्यंत पोचलाच होता.

दुसऱ्या दिवशी स्वाती माझ्या पलंगावर येऊन बसली. "मंगले, सुनिल मले म्हणते, तुझं उत्तर भेटलं. मी तं त्याचं नाव टाकलंच नव्हतं."

"काऊन? आवडत नाई का तुले?"

"आवडते ना. पण तुले बी आवडते, मले दिसत नाई का? म्हणून गप होती. तू नाई म्हण, मी त्याले नाई सांगतो."

माझा जीव जळला. रूप तिचं, पोरगा तिचा, आणि आता मोठं मनही तिचंच.

"हो म्हण त्याले," मी म्हटलं. "ते नाव मीच टाकलं. तुमचं जुळावं म्हणून."

तिनं रडत मला मिठी मारली. मी धडधडीत खोटं बोलले होते. सुनिल तर गेलाच होता, निदान मोठेपणा तरी मला तिला एकटीला मिळू द्यायचा नव्हता.