सवय लागेल

मार्करचं टोपण घरंगळत टेबलाखाली तिच्या चपलेपाशी येऊन थांबलं होतं. तिने ते पायानेच जवळ ओढलं, उचललं मात्र नाही. उचलून दिलं की साहेब — तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण कंपनी त्याची — मान डोलावणार आणि फळ्यावर सातवी सोय लिहायला घेणार. औषधाची वेळ झाली की वाजणारी डबी, एवढीच मूळ वस्तू. आता ती बोलणार होती, गाणार होती, मुलांना निरोप धाडणार होती... आणि इकडे आठवडाभरात तिने ग्राहकांचे एकतीस फोन घेतले, त्यातल्या चोवीस जणांचं विचारणं एकच — हिचा आवाज बंद कसा करायचा?

"लोकांना ती बंद करायचीय," ती म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"सवय लागेल हो त्यांना," साहेब फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला.

सवय लागेल... हे कुठे बरं ऐकलं होतं — छे, ऐकलं कुठलं, तिनेच म्हटलं होतं. घरबसल्या कपड्यांचं माप घेणारं अ‍ॅप, तिची स्वतःची कंपनी, तीन खोल्या, अकरा माणसं, आणि ग्राहकांचे फोन घ्यायला सख्खा धाकटा भाऊ. रोज संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहायचा — "ताई, लोक वैतागलेत गं" — आणि ती स्क्रीनवरून नजर न हलवता तेच दोन शब्द. मग एक दिवस तो दारात यायचा थांबला. तिला वाटलं, चला, कटकट गेली. चार महिन्यांनी त्याने दुसरीकडे नोकरी धरली, वर्षभरात कंपनीने मान टाकली. अजून बोलतात दोघं, पण आईच्या गुडघ्यांपलीकडे गाडी सरकत नाही.

कंपनी बुडाल्यावर तिने धडे लिहून काढले होते, आकडे घालून. पहिलाच — ग्राहकाचं ऐका. त्यावर व्याख्यानं दिली, टाळ्या घेतल्या. ह्या साहेबाने तिला नोकरी दिली तीही असंच एक व्याख्यान ऐकून. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय... पण घडा कुणाचा?

"तुम्ही कंपनी चालवलीय," साहेब वळून म्हणाला. "माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

पहिला धडा अगदी जिभेवर आला होता.

"हेच," ती म्हणाली.

साहेबाचा चेहरा खुलला. "अनुभवाचे बोल आहेत हे," तो बाकीच्यांना म्हणाला आणि सातवी सोय लिहू लागला.

तसं नव्हे, असं सांगायला तिने तोंड उघडलं... चौथ्यांदा सांगायला... आणि मिटलं. राग येईल असं वाटलं होतं, पण नुसता कंटाळा आला. भाऊ दारात यायचा थांबला तेव्हा त्यालाही हेच झालं असेल का? बुडत्या वेळी भाऊ पाठ फिरवून गेला, हे इतकी वर्षं तिने घट्ट धरून ठेवलं होतं. आता ते सुटत होतं, आणि त्याच्या जागी काय धरावं ते तिला कळत नव्हतं.