उलटं गाऱ्हाणं

चोपन्न सालची गोष्ट. मालवणकडच्या कट्टा गावाजवळच्या एका वाडीत गुरुदासाच्या तान्ह्या पोरीचा पाय मोडला. मथुराकाकी तिला न्हाऊ घालत होती. अर्ध्या गावाची पोरं तिच्याच पायांवर न्हालेली. तेल लावून झालं, तिने दोन्ही तळवे पोरीच्या अंगाखाली सारून तिला अलगद उचललं, आणि कट् असा आवाज झाला. पोरगी किंचाळली. चुलीपाशी बसलेली तिची आई सत्यवती धावत आली.

"माझ्या हातान काय झाला गो?" एवढंच मथुराकाकी म्हणाली.

गुरुदासाने पुढचामागचा विचार केला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्याच संध्याकाळी, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या धोंडू घाडीला घेऊन तो रवळनाथाच्या देवळात गेला. आमच्या गावात फिर्याद आधी देवाकडे जाते, पोलिसांचं नंतर बघू. धोंडूने नारळ ठेवला आणि आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा! ह्या लेकराचा हाड जेच्यामुळे मोडला, तेका तूच काय ती शिक्षा दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव एका तोंडाने ओरडला. ओरडायला काय जातं लोकांचं?

नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. त्या दिवसापासून मथुराकाकीला एकाही बाळंतिणीच्या घरचं बोलावणं आलं नाही. पाणवठ्यावर ती आली की बायका आपली पोरं पदराखाली घेत.

पोरगी वर्षाची झाली. एके दिवशी सत्यवतीने तिला बगलेत धरून उचललं तर हात मोडला. जन्मदात्या आईच्या हातात! या वेळी गुरुदास देवळात नाही, तालुक्याला धावला. तिथल्या डॉक्टरने हात बांधला, आणि म्हणाला, हे माझ्या आवाक्यातलं नाही, मुंबईला हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या. मालवणहून बोटीने दोघं पोरीला घेऊन निघाली.

मुंबईच्या डॉक्टरने पोरीच्या डोळ्याची पापणी वर केली. मग गुरुदासाला उजेडात बसवून त्याचेही डोळे पाहिले.

"तुमच्या डोळ्यांतलं पांढरं निळसर आहे. कुणी सांगितलं नाही?"

सांगायचं काय? समुद्र उतरलाय माझ्या झिलाच्या डोळ्यांत, म्हणून त्याची आई लेकाचे डोळे जन्मभर मिरवत होती.

"लहानपणी हाडं मोडली होती?"

"बऱ्याचदा. गावात मला काचेचो गुरू म्हणायचे."

"वडिलांना ऐकू येतं?"

"तिशीतच बहिरे झाले."

डॉक्टरने मान हलवली. "हाडं जात्याच ठिसूळ असतात, असा हा आजार आहे. फार क्वचित दिसतो. रक्तातून उतरतो. वडिलांकडून तुम्हाला, तुमच्याकडून हिला. तुमचं थोडक्यात निभावलं, हिला जास्त जपावं लागेल."

"मग आमची न्हाऊ घालणारी बाई..."

"तिच्या हातून मोडलं नसतं, तर दुपट्यात गुंडाळताना मोडलं असतं."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्याकडून म्हणा. तुमच्यामुळे म्हणू नका."

पण गाऱ्हाण्यात शब्द 'जेच्यामुळे' असाच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर स्वतःच नारळ घेऊन गेलेला! डॉक्टरने पोरीला कसं उचलायचं ते दाखवलं. बगलेत धरायचं नाही, पाय धरून वर करायचं नाही. हाड मोडलं तर लगेच आणायचं. ते नीट जुळतं, आणि वय वाढलं की मोडणंही कमी होतं. सत्यवती नीट ऐकत होती. गुरुदासाला मात्र देवळातली ती आरोळीच ऐकू येत होती.

परत आल्यावर तो धोंडूकडे गेला.

"घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय," धोंडू म्हणाला. "दुसरा घालूक येता. पण तुझ्या इरोधात मी घालूचंय नाय."

मग गुरुदास स्वतःच देवळात देवापुढे उभा राहिला. गाव जमला होता. मथुराकाकी मागे खांबापाशी एकटीच उभी होती.

"बा देवा रवळनाथा! हाड मोडला ता माझ्यामुळे. माझ्या रगतातला दुखणा चेडवाक गेला. मथुराकाकीचो काय एक दोष नाय. मागितललंय ती शिक्षा माकाच दी रे महाराजा!"

कुणी ब्र काढेना. घरच्या माणसाच्या वाईटाला हो कोण म्हणणार? मथुराकाकीच्या वेळी मात्र कुणाची जीभ अडली नव्हती. गुरुदास हात जोडून वाट बघत राहिला. त्याला त्यांचं 'व्हय' हवं होतं, शरमेने जीव जायची पाळी आली होती.

"नाय महाराजा!"

मागून आवाज आला. गाऱ्हाण्याला 'नाय' म्हटलेलं त्या देवळाने कधी ऐकलं नव्हतं. मथुराकाकी पुढे आली. "चेडवाक बापूस व्हयो. तेका काय करू नको," ती देवाला म्हणाली आणि गुरुदासाकडे वळली. "तिका कसा उचलूचा म्हणता तो डाक्टर? माका दाखव."

गुरुदासाने तळवे पसरून एकमेकांशेजारी धरले. "असा. दोनय हात अंगाखाली घालून."

मथुराकाकीने त्या हातांकडे पाहिलं.

"मी त्या दिवशी असाच उचललेलंय रे, गुरू," ती म्हणाली.