मंडळाचे सारथी

मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने श्यामसुंदर दातारांचा सत्कार ठरवला आणि फलकावर त्यांच्या नावाखाली लिहिलं, 'आपल्या मंडळाचे सारथी'. अध्यक्षपदाची मुदत संपत आली होती. आणखी एकदा पद घ्यायला दातार तयार होते, फक्त कोणीतरी आग्रह करायला हवा होता.

फलक वाचून ते सुखावले, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. या सारथ्याला आयुष्यात सायकलसुद्धा जमली नव्हती. तरुणपणी मोटार शिकायला गेले, तर शिकवणाऱ्यानेच हात जोडले होते. घरची स्कूटर बायको चालवायची आणि हे मागे बसून सूचना द्यायचे.

सत्काराला निघाले तेही तसेच.

"नलिनी, लढतो तो रथी, बरं का," ते मागून म्हणाले. "सारथी नुसते घोडे हाकायचा. पुढे युद्धात देवानेच लगाम धरले आणि शब्दाची पत वाढली. आता कोणी बँकेचं सारथ्य करतो, कोणी पतपेढीचं."

"मग तुम्ही कोण?"

"मी मागे बसून बाण सोडणारा."

"ते मात्र खरं. गुडघे आत घ्या, रिक्षा अगदी चिकटून चाललीय."

सभागृहात शाल-श्रीफळ झालं. उत्तराला उभं राहताना दातारांना वाटलं, थोडा विनय शोभून दिसेल.

"मी कसला सारथी?" ते म्हणाले. "आजारी सभासदांना दवाखान्यात नेलं नलिनीने, सहली ठरवल्या तिने, भांडणं मिटवली तिने. मी भाषणं केली. खरी सारथी तीच."

आणि ते थांबले. 'छे छे, असं कसं म्हणता' असं कोणीतरी म्हणेल, यासाठी त्यांनी मुद्दाम जागा सोडली होती.

चिटणीस सुलक्षणा कामेरकर उठल्या. "सर, आम्हाला हे कसं सांगावं कळत नव्हतं. बरं झालं, तुम्हीच बोललात. नलिनीताईंनाच अध्यक्ष करू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दातारांनीही वाजवल्या, दुसरं करणार काय. निदान नलिनी तरी नको म्हणेल, अशी त्यांना आशा होती. तिने पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "बरं, करते."

"अगं, मला एकदा विचारायचंस तरी," ते पुटपुटले.

"तुम्हीच तर सुचवलंत."

दोन दिवस दातार घरात फुगून बसले. तिसऱ्या दिवशी आपल्या विनयाची कशी वाट लागली, हे त्यांनी स्वतःच शेजाऱ्यांना रंगवून सांगितलं आणि शेजाऱ्यांपेक्षा जास्त हसले.

नव्या अध्यक्षांच्या पहिल्या सभेत त्यांनी बोलायला हात वर केला.

"बोला, पण दोन मिनिटांत आटपा," नलिनी म्हणाली.

त्यांनी आटपलं. इतक्या वर्षांत त्यांच्या भाषणाला अशा मनापासून टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.