बुडाखालची ऊब

गादीवालीला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि बुडावरून जास्त ओळखू यायची. यात चावटपणा काही नव्हता, धंदाच तसा होता. एकतीस वर्षं गाड्यांच्या सीटा उसवायच्या आणि शिवायच्या म्हटल्यावर दुसरं काय कळणार? कोण डावीकडे कलून बसतो, कोण मागच्या खिशात अख्खं कपाट कोंबून बसतो, कोण नवऱ्याशेजारी बसताना दाराला चिकटून बसते, हे सगळं स्पंजात उमटतं. तोंडावर रंगरंगोटी करता येते. बुडाला ती सोय नाही.

थंडी सुरू झाली की तिच्या शेडमध्ये सीटांची रांग लागायची. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या त्या भिंतीकडेने ओळीत बसलेल्या असायच्या. या दिवसांत सगळ्यांना एकच हवं असायचं, बुडाखाली ऊब. ती कव्हर काढायची, आत गरम तारांचं अस्तर चिकटवायची, पुन्हा शिवून टाकायची.

त्या दुपारी दादाने तीनदा हॉर्न दिला आणि एका झटक्यात गाडी उलटी घेऊन शेडच्या दारासमोर बरोब्बर मधोमध उभी केली. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. चाळीस वर्षं त्याने ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्धं गाव त्याच्याकडे गाडी शिकलं, आणि उरलेलं अर्धं त्या अर्ध्याला घाबरून फुटपाथवरून चालत होतं.

"ठके, तू मला फसवलंस," दादा काच खाली करून म्हणाला. पंचावन्न वर्षांची झाली तरी त्याच्यासाठी ती ठकीच होती.

"काय केलं मी?"

"तुझ्या वहिनीची सीट भट्टीसारखी तापते आणि माझी बघ. बर्फ! दोन्ही तूच बसवल्यास ना? सख्ख्या भावाला दुय्यम माल?"

"मी कधी म्हणाले भट्टी?" वहिनी पलीकडच्या दाराने उतरत म्हणाली. "माझी आपली बेताची तापते. यांना प्रत्येक गोष्टीत माझंच ताट भरलेलं दिसतं."

"रविवारी पोरीकडे जायचंय," दादा म्हणाला. "सहा तासांची वाट, त्यात घाट. नात पंधरा दिवसांची झाली, अजून तोंड पाहिलं नाही. तोवर नीट करून दे. मी काय गोठत गाडी चालवू?"

गादीवालीने हातातली कात्री खाली ठेवली. "दादा, यात पक्षपात करायला जागाच नसते रे. इस्त्रीसारखं असतं हे. कव्हरखाली अस्तर, अस्तरावर केसाएवढी तार नागमोडी पसरलेली. तिच्यातून वीज वाहिली की तार तापते. मध्ये बटणाएवढा एक पहारेकरी बसवलेला असतो. पुरेसं तापलं की तो वीज तोडतो, निवलं की जोडतो. तुमच्या दोघांच्या सीटांना बुडाखाली एक अस्तर, पाठीला एक. मागच्या दोन सीटांना फक्त बुडाखाली. पाहुण्यांच्या पाठीचे लाड मी केले नाहीत."

"मग फरक का?"

"तार सारखी असली तरी बसणारे सारखे असतात का? तू दिवसभर बसून बसून स्पंज चेपलायस. वर जाडजूड कोट. त्याच्यावर ही उशी."

"उंचीसाठी लागते."

"म्हणजे ऊब बिचारी तीन मजले चढून तुझ्यापर्यंत येणार. वहिनींची सीट नवीकोरी, अंगावर साधी साडी. त्यांना आधी लागणारच."

दादाने उशी मागे फेकली, कोट काढला, खिशातून रुमाल, चष्म्याचं घर आणि पाकीट काढून समोर मांडलं. झडतीला आल्यासारखा, नेहमीसारखी पाठ न टेकता, तो पुन्हा सीटवर बसला. गादीवालीने बटण शेवटच्या खुणेवर नेलं. पाच मिनिटं गेली.

"गार," दादा म्हणाला. चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद.

"उठ."

तिने सीटवर तळहात टेकवला आणि झटकन उचलला. सुई-दाभणाने तिच्या तळव्याचं चामडं कधीच राठ झालं होतं. गरम इस्त्री ती बोटांनी चाचपायची. तरी उचलला.

"दादा, ही तर तापलीये."

"थट्टा नको."

"बरं, तू वहिनींच्या सीटवर बस. वहिनी, तुम्ही इकडे या."

दादा पलीकडे जाऊन बसला. दोन मिनिटांनी बोट वर करून म्हणाला, "बघ! तू हात लावलास आणि हीपण गेली!"

एवढ्यात वहिनी "अगं आई गं!" म्हणून उडाली. जिना चढायला गुडघ्यांची परवानगी काढणारी बाई, ती एका उडीत गाडीच्या बाहेर होती. "तवा आहे नुसता! अहो, यावर बसून तुम्ही रोज बाजारात जाता?"

गादीवालीला हसू आलं होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. तिने गुडघे टेकून सीटखाली बॅटरीचा उजेड मारला. ती वायरींना काळी कापडी टेप लावायची. इथे लालभडक प्लॅस्टिकची टेप होती.

"हे कुणी केलं?"

"मित्राने," दादा म्हणाला. "इलेक्ट्रिशियन होता तो. मी फक्त बॅटरी धरली. तुझा तो पहारेकरी काम करू देत नव्हता, म्हणून त्याला वगळून वायर सरळ जोडली. दोन महिने झाले."

"आणि तरी गार?"

"तरी गार. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

तिने प्लग ओढून काढला. कव्हराची चेन उघडली तसा करपलेल्या कापडाचा वास आला. अस्तरावर दोन तपकिरी चकत्या उमटल्या होत्या, जास्त भाजलेल्या पावासारख्या. त्या कुठे उमटल्यात हे तिला नव्याने सांगायची गरज नव्हती. तिने सगळ्यांना आत घेऊन शेडचं दार लोटून घेतलं.

"दादा, पँट काढ."

"काय?"

"त्या पडद्यामागे जा आणि पँट काढ."

"शुद्धीवर आहेस का? मोठा भाऊ आहे मी तुझा!"

"आणि मी गादीवाली आहे. गावातली सगळी बुडं मला तोंडपाठ आहेत, तुझंच तेवढं राहिलंय."

"काढा हो," वहिनी म्हणाली. "जपून ठेवण्यासारखं तिथे आता काही उरलेलं नाही."

दादा बडबडत पडद्यामागे गेला. आधी पट्ट्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. दोघी आत गेल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"केस्तूड झालंय, दुसरं काही नाही," तो भिंतीला म्हणाला.

"दोन्हीकडे? एकाच मापाचं? आणि नागमोडी?"

बुडाखाली, मांड्यांच्या मागच्या बाजूला लालसर काळपट पट्टे होते. तिने स्वतःच्या हाताने पसरलेल्या तारेची नक्षी त्यात सरळ ओळखू येत होती. एका जागी कातडी फाटून ओली झाली होती.

"मी आठ दिवस मलम लावतेय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दुखतं का म्हणून रोज विचारते. म्हणतात, छे, असल्याने मला काय होतंय! मला वाटायचं, फुशारकी मारतायत."

फुशारकी नव्हती ती. खरंच दुखत नव्हतं. बारा वर्षांच्या मधुमेहाने जाणीवच खाल्ली होती, आणि त्याला दादा 'थोडीशी साखर' म्हणायचा, जणू चहातच जरा जास्त पडली होती. डॉक्टरांनी कधीतरी पायांच्या तळव्यांबद्दल विचारलं होतं, तेव्हा दादाने त्यांनाच त्यांची गाडी चुकीची लावल्याबद्दल सुनावलं होतं.

गादीवालीच्या मनात एक विचार आला. बुडाला कळत नाही, तर मग पायांना?

"पँट चढव. बाकावर बस. मोजे काढ."

"आता मोजे! तू दुकान चालवतेस की दवाखाना?"

"डोळे मीट. मी बोटाला हात लावते, कुठलं ते सांग."

"अंगठा," दादा ताडकन म्हणाला. बरोबर होतं. "करंगळी." तेही बरोबर. "मधलं!" तेही. गादीवालीचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात वहिनी उठली आणि भिंतीला टेकवलेल्या गाडीच्या सुट्या आरशावर तिने आपला पदर टाकला.

"परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना हे कान धरून खाली उतरवायचे," ती म्हणाली.

आरसा झाकल्यावर दादाची उत्तरं लांबली. "करंगळी... थांब. अंगठा. नाही, करंगळीच." मग तो चिडला. "अगं, तू हातच लावत नाहीयेस! टोच ना नीट! घाबरतेस कशाला?"

"टोचतेय, दादा."

त्याने डोळे उघडले. दाभणाची लाकडी मूठ त्याच्या तळव्यात खोल रुतलेली होती. तिने ती उचलली तरी खळगा तसाच राहिला. तिघंही त्या खळग्याकडे बघत बसली. तो हळूहळू भरत आला.

दादा म्हणाला, "ब्रेक मला आवाजावरून कळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कळतो. गाडी थांबते ना? मग पायाला कशाला विचारायचं?"

"म्हणून हल्ली खाली बघता होय!" वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, बुटाच्या नाड्या सुटल्यात."

चाळीस वर्षं शिकाऊ पोरांच्या डोक्यात टपली मारत आलेला हा माणूस. पायाकडे नाही, रस्त्याकडे बघ! हजार वेळा म्हटलेलं वाक्य. गादीवालीलाही त्या टपल्या पडल्या होत्या. नवरा सोडून गेला त्या वर्षी दादाने तिला तीन महिने गाडी शिकवली, आणि चौथ्या महिन्यात आपल्या स्कूलच्या सहाही गाड्या दारात उभ्या करून म्हणाला, सीटा फाटल्यात, शिव. फाटलेल्या दोनच होत्या. बाकीच्या चार गाड्यांच्या सीटांना त्यानेच ब्लेड लावलं होतं, हे स्पंज बघताक्षणी तिला कळलं होतं. आजवर त्यावर दोघंही बोलले नव्हते.

आणि आता याच माणसाकडे तिला किल्ली मागायची होती. ती उगाच दाभण जागेवर ठेवून आली आणि म्हणाली, "दादा, किल्ली दे."

"रविवारनंतर बघू."

"रविवारीच तर घाट आहे."

"घाट माझ्या ओळखीचा आहे."

"घाटाला तू ओळखीचा आहेस की नाही, कोण जाणे. शेजारी वहिनी असणार. समोरून दुसऱ्याची नात येत असणार."

दादा मोजे चढवू लागला. एक मोजा उलटा गेला तो त्याला कळला नाही, की कळूनही राहू दिला, सांगता येत नाही. "चालवणार कोण? ही? ही आरशात मागची गाडी बघत नाही, केस बघते."

"मी चालवीन."

"तू! चढावर गाडी बंद पडली की तू देवाचं नाव घेतेस, गिअर नाही घेत."

"मग तू मागून ओरड. मला सवय आहे."

त्याने किल्ली दिली नाही. पण दिली नाही म्हणजे फक्त हातात दिली नाही. ती गाडीलाच होती, आणि गादीवाली निमूट बाहेर जाऊन चालकाच्या जागेवर बसली. प्लग काढलेली सीट एव्हाना निवली होती. "आधी डॉक्टर," ती म्हणाली. "भाजलंय ते दाखवायचं."

दादा बाहेर उभा राहिला. मग बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, तर तिथे वहिनी बसून पट्टा लावत होती.

"ही माझी जागा आहे. शिकवणाऱ्याची."

"तुम्हाला बर्फाच्या लादीवर बसवलं तरी चालेल," वहिनी म्हणाली. "चांगली ऊबदार सीट तुमच्यावर कशाला वाया घालवू? मागे बसा."

"आणि मध्ये बस," गादीवाली म्हणाली. "मधल्या जागेत तार घातलेली नाही."

दादा स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच मागे बसला. फाटलेल्या कातडीला भार नको म्हणून तिने दिलेली मऊ गादी खाली घेतली, दोन्ही सीटांच्या मधून तोंड पुढे काढलं आणि चालू झाला. क्लच पूर्ण दाब. आरसा बघ. अगं सायकलवाला! हा सायकलवाला माझ्याकडेच शिकलाय, लांब राहा. गादीवाली दात-ओठ खात चालवत होती. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचा रागही येत होता.

मोठ्या चौकात लाल दिव्याला थांबले तेव्हा वहिनीचा फोन वाजला. पोरगी होती. रविवारी किती वाजता निघताय, बाळाच्या झोपेचं बघून सांगा, असं काहीतरी.

"आम्ही आत्ता डॉक्टरकडे चाललोय," वहिनी म्हणाली. "काही नाही गं, तुझ्या बाबांचं बूड भाजलंय आणि त्यांना पत्ताच नाही."

फोनमधून खदाखदा हसणं ऐकू आलं. मग ते हसणं तुटलं. वहिनीने फोन मागे दिला.

"हं," दादा म्हणाला. "हं... नाही गं, दुखत नाही. तेच तर म्हणतायत या दोघी." तो बराच वेळ ऐकत राहिला. डोकं मागे सीटला टेकवलं, त्यामुळे गादीवालीला आरशात फक्त त्याची हनुवटी दिसत होती. "आत्या चालवतेय... हो, रविवारीसुद्धा तीच... किल्ली? गाडीलाच आहे, कुठे असणार?"

पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

"आत्याकडे राहू दे," तो म्हणाला. "तुझी आई हरवून बसेल."

फोन ठेवून तो पुन्हा दोघींच्या मधे झुकला.

"हिरवा झालाय, ठके. क्लच हळू सोड. आणि पायाकडे बघू नकोस."